ऑटो वायपरच्या गाडीतला पहिला पावसाळा: काय तपासायचं, कधी बंद ठेवायचं

नवी गाडी ताब्यात देताना शोरूमचा माणूस वायपरची दांडी ऑटोवर करतो, म्हणजे सेन्सरने पाऊस ओळखून वायपर आपोआप चालावेत, आणि सांगतो, "आता तुम्ही वायपरकडे बघायचंच नाही." मे महिन्यात हे ऐकायला बरं वाटतं. जूनमध्ये पहिली सर आली की दोनपैकी एक तक्रार सुरू होते. एक तर पाऊस पडतोय आणि वायपर ढिम्म, नाहीतर काच कोरडी ठणठणीत आणि वायपर आपला खर्र खर्र चालूच. मग सर्व्हिस सेंटरला फोन जातो, "सेन्सर गेला का हो?" सेन्सर क्वचितच जातो. दोष बहुतेक वेळा काचेवर असतो, रबरात असतो, नाहीतर आरशामागे कुणीतरी चिकटवलेल्या स्टिकरमध्ये. खालची बरीचशी कामं घरच्या पार्किंगमध्ये होण्यासारखी आहेत. शेवटचं तेवढं गॅरेजचं.

हाताशी काय हवं:

- गाडीचं मॅन्युअल (कागदी नसेल तर कंपनीच्या ॲपमध्ये असतं)
- इस्त्री करताना वापरतो तशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली
- दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी आणि कार शाम्पू
- एक जाड टॉवेल
- मोजपट्टी
- मोबाइलची टॉर्च

१. तुमच्या गाडीत हे खरंच आहे का, ते आधी बघा

हसू नका. एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला ऑटो वायपर असतात, खालच्याला नसतात, आणि दांडीवरची फिरणारी रिंग दोघांनाही असते. साध्या गाडीत त्या रिंगने दोन फेऱ्यांमधला वेळ कमीजास्त होतो, पाऊस असो वा नसो. ऑटोच्या गाडीत त्याच रिंगने सेन्सरची संवेदनशीलता ठरते. खूण सोपी आहे. दांडीवर ऑटो असं लिहिलेलं असतं आणि बाहेरून बघितलं तर आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक काळी डबी दिसते, तोच सेन्सर. काही गाड्यांत एवढ्यावर भागत नाही, टचस्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊनही ते चालू करावं लागतं. टेस्लासारखे काही जण वेगळा सेन्सर न लावता पुढच्या कॅमेऱ्यावरच हे काम सोपवतात. आपल्याकडच्या बाकी बहुतेक गाड्यांत मात्र ती डबीच असते आणि हा लेख तिच्याबद्दल आहे.

२. डबीला काय दिसतं, ते समजून घ्या

दहावीच्या विज्ञानात पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. डबीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश काचेत तिरका सोडलेला असतो. काच बाहेरून कोरडी असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावर आपटून सगळाच्या सगळा आत परततो. तिथे थेंब बसला की थोडा प्रकाश थेंबातून बाहेर निसटतो आणि परत येणारा कमी पडतो. किती कमी पडला आणि किती झपाट्याने, यावरून वायपर एकदा फिरवायचा, थांबून थांबून फिरवायचा की जोरात, हे ठरतं. १९०३ मध्ये अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी पेटंट घेतलेला वायपर आतून हाताने दांडी ओढून चालवायचा होता, आणि १९९६ मध्ये कॅडिलॅकने अशा सेन्सरचे वायपर बाजारात आणले. म्हणजे तंत्र काही कालपरवाचं नाही, आपल्या बजेटच्या गाड्यांत ते उशिरा उतरलं इतकंच.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची प्रत्येक पायरी त्यांच्यावर उभी आहे. एक, डबीला अख्खी काच दिसत नाही, तिच्यासमोरची जेमतेम काही सेंटीमीटरची चौकट दिसते. तुमच्या डोळ्यांसमोर काच थेंबांनी भरली असेल पण त्या चौकटीत थेंब नसेल, तर तिच्या लेखी पाऊस नाही. दोन, त्या चौकटीत प्रकाशाची वाट बदलणारं काहीही आलं, पाणी, चिखल, तेलकट थर, खड्याचा टवका, तर तिला तो पाऊस वाटू शकतो.

३. आरशामागची जागा मोकळी करा

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. फास्टॅग काचेच्या आतून, मधोमध, आरशाच्या आसपास लावायचा असतो आणि नेमकी तिथेच डबी असते. एजंट घाईत असतो, मागे रांग असते, तो टॅग सोलतो आणि हाताला येईल तिथे चिकटवतो. तुम्ही बाहेर उभे राहून बघा. टॅगची कड डबीच्या चौकटीवर किंवा शेजारच्या कॅमेऱ्यावर येता कामा नये. काचेवर जिथे काळे ठिपके छापलेले असतात त्यांच्या खाली, मोकळ्या काचेवर टॅग लावून घ्या. चुकीच्या जागी लागला की सोलून सरकवता येत नाही, फाटतो आणि बाद होतो.

हीच गोष्ट डॅशकॅमची. त्याचा स्टँड आणि वायर दोन्ही बाजूला घ्या. देवाचं स्टिकर, सोसायटीच्या पार्किंगचा पास, कंपनीच्या गेटचा पास यांना काचेचा खालचा डावा कोपरा द्या, तिथे ते कुणाच्या आड येत नाहीत. पुढच्या काचेवर कूलिंग फिल्म लावून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला आधी विचारा की सेन्सरपुरती जागा कापणार का. या फिल्मचे कायदेशीर नियम वेगळे आहेत, ते इथे सांगत बसत नाही.

४. मे अखेरीस ब्लेड बदला

सेन्सर कितीही शहाणा असला तरी पुसायचं काम रबरच करतं. मार्च ते मे गाडी उन्हात उभी राहिली की रबर ताठ होतं आणि त्याची धार गोल होते. अशा ब्लेडने काच पुसली की मागे पाण्याची रेघ राहते. ती रेघ डबीच्या चौकटीवरून गेली की डबीला वाटतं पाऊस आहे, ती पुन्हा पुसायला लावते, पुन्हा रेघ राहते, आणि हे चक्र पाऊस थांबल्यावरही चालू राहतं. "पाऊस थांबला तरी वायपर थांबत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. हजाराच्या आसपासचे ब्लेड बदलायचे सोडून लोक सेन्सरचा भाव विचारत फिरतात.

ब्लेड घेताना दोन्ही मोजा. ड्रायव्हरकडचं बहुधा लांब असतं, दुसरं आखूड. अडकवायचा हूकही प्रत्येक गाडीला सारखा नसतो, म्हणून दुकानात नुसतं मॉडेल न सांगता सालही सांगा, नाहीतर जुनं ब्लेड सोबत न्या.

बदलताना तीन गोष्टी सांभाळा:

- इग्निशन बंद आणि दांडीही बंदवर. ऑटोवर राहिली आणि कुणी आत बसून गाडी चालू केली तर बोटं सापडतात.
- वायपर बॉनेटखाली दडलेले असतील तर ओढून उचलू नका, बॉनेटचा रंग निघतो. अशा गाड्यांत वायपर काचेच्या मध्यावर उभे करायची सोय असते. बहुधा इग्निशन बंद केल्यावर लगेच दांडी एकदा ढकलली की होतं, पण नेमकी रीत मॅन्युअलमध्ये बघा.
- ब्लेड काढल्यावर वायपरचा उघडा लोखंडी हात तसाच उभा सोडू नका. त्याला स्प्रिंग असते. धक्का लागला की तो सटकन काचेवर आदळतो आणि काच तडकते. खाली टॉवेलची जाड घडी ठेवा, मगच हात लावा.

५. काच धुवा, पण नीट

काच स्वच्छ दिसते आणि स्वच्छ असते यात फरक आहे. हायवेवरच्या डिझेलच्या धुराचा, वॉशिंग सेंटरवाल्याने हौसेने मारलेल्या पॉलिशचा एक पातळ तेलकट थर काचेवर बसतो. ओला हात फिरवला की पाणी एकसंध न पसरता फाटतं, तो हा थर. शाम्पूच्या पाण्याने दोनदा धुवा, आरशासमोरची जागा जरा जास्त घासा, कोरड्या फडक्याने पुसा. त्याच फडक्याची स्वच्छ बाजू रबराच्या धारेवरूनही एकदा ओढा. फडक्यावर काजळीचा पट्टा उमटलेला बघून चक्रावाल. कोकणात किनाऱ्यावर राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याचा पांढरट थर वेगळा बसतो, तो साध्या पाण्यानेही जातो, फक्त आठवड्याला धुवायला हवा.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी भरू नका. क्षार बसून नोझल बुजतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाल्या वाळवीचे थवे काचेवर येऊन फुटतात, तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही. त्यासाठी टाकीत वॉशरचं लिक्विड असलेलं बरं.

पाणी टिकू न देणारं कोटिंग काचेवर मारायचा मोह होईल. दिसायला झकास आहे, वेगात थेंब पळून जातात. पण बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की अशा कोटिंगने सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. मारायचंच असेल तर डबीसमोरची जागा सोडून मारा.

६. फवाऱ्याने चाचणी घ्या

आता पार्किंगमध्ये पाच मिनिटं. आत एकाला बसवा, इग्निशन चालू, दांडी ऑटोवर. ऑटोवर नेताच बहुतेक गाड्या एकदा पुसून दाखवतात, ते बरोबर आहे. तुम्ही बाहेर बाजूला उभे राहा, वायपरच्या टप्प्यात हात नको. आधी ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या काचेवर फवारा मारा. काही होणार नाही. मग आरशासमोर मारा, वायपर लगेच फिरला पाहिजे. थोडं मारून बघा, भरपूर मारून बघा, वेग बदलतो का ते बघा. नंतर काच कोरडी पुसा आणि वाट बघा, वायपर गप्प बसले पाहिजेत. नाही बसले तर पुन्हा ४ आणि ५ कडे जा.

आरशासमोर पाणी मारूनही हालचाल नसेल तर दांडी एकदा बंदवर आणून परत ऑटोवर न्या. काही गाड्यांना प्रत्येक वेळी इग्निशन चालू केल्यावर हे करावं लागतं. कारण सरळ आहे, कुणी काच पुसत असताना वायपर अचानक सुटू नयेत.

७. रस्त्यावर रिंग कुठे ठेवायची

मधल्या खुणेवर सुरुवात करा. पुण्यातली दिवसभराची भुरभुर असेल तर एक घर वर. बारीक थेंब त्या छोट्या चौकटीत जमायला वेळ लागतो आणि तोवर तुमच्या समोरची काच धूसर झालेली असते. मुसळधार पावसात रिंगने फारसा फरक पडत नाही, तिथे डबीला विचार करायचं कारणच उरत नाही.

एक्स्प्रेसवेवर खरा धोका ट्रेलरच्या चाकांमागून उडणाऱ्या चिखलपाण्याचा. तुम्ही ओव्हरटेक करायला बाजूला येता आणि अख्खी काच एका क्षणात तपकिरी होते. सेन्सर पाणी पडल्यावर बघतो, पडणार आहे हे त्याला कळत नाही. ताशी ९० किमीने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. सेन्सरने अर्धा सेकंद घेतला तरी बारा मीटर तुम्ही आंधळे. म्हणून ट्रेलरच्या शेजारी जाण्याआधीच दांडी हाताने जोराच्या वेगावर टाका, पुढे निघालात की परत ऑटोवर आणा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

भातण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत शिरल्यावर वायपर दोन-चार फेऱ्यांत आपोआप मंदावतात. बाहेर पडताना मात्र सर एकदम अंगावर येते. एक फेरी हाताने मारायची खूण प्रत्येक दांडीला असते, बहुधा वर किंवा खाली हलकेच ढकलायची. न बघता ती जमली पाहिजे. बोगद्याच्या तोंडाशी तीच वापरा.

आंबोलीत, ताम्हिणीत, आंबेनळीत धुकं लागलं की ऑटोवर भरवसा ठेवू नका. धुक्याची ओल काचेवर थेंब न होता सारखी पसरते आणि डबी गोंधळते. हाताने संथ वेगावर ठेवा. आणि धुरकटपणा काचेच्या बाहेर आहे की आत, हे आधी बोटाने आतून पुसून बघा. आतून रेघ उमटली तर वायपर कितीही फिरवला तरी उपयोग नाही, एसी चालू करून हवा काचेवर सोडा. पहिल्या पावसाळ्यात घाटात दर दुसऱ्या गाडीचे वायपर पूर्ण वेगाने फिरताना दिसतात आणि आतला ड्रायव्हर मान पुढे काढून बसलेला असतो. तो हाच प्रकार.

८. ऑटो कधी बंद ठेवायचं

- गाडी धुताना, मग ती घरी असो वा वॉशिंग सेंटरला. ब्रशच्या मशिनमध्ये तर आठवणीने. वायपर मध्येच उठला तर ब्रश तो पिळवटतो.
- पेट्रोल पंपावर पोऱ्या काच पुसायला आला तर.
- पावसाळा संपल्यावर. ऑक्टोबर ते मे दांडी बंदच असू द्या. नगर-सोलापूरकडची धूळ काचेवर बसलेली असताना वायपर कोरडा फिरला की बारीक चरे पडतात, आणि रात्री समोरून दिवे आले की ते चमकतात. धूळ असेल तर आधी वॉशरचं पाणी, मग वायपर.
- विसर्जनाच्या मिरवणुकीत अडकलात तर. गुलाल आणि भुरभुर एकत्र आली की पहिल्याच फेरीत काच गुलाबी होते आणि पुढचा अर्धा तास तशीच राहते.
- बर्फाच्या देशात असाल तर रात्री गाडी लावताना. रबर काचेला गोठून चिकटतं. सकाळी ऑटोने ते ओढायचा प्रयत्न केला तर रबर फाटतं किंवा मोटरवर येतं.

९. काच फुटली तर

डंपरमधून उडालेला खडा पुढच्या काचेवर बसणं हे आता नवीन राहिलेलं नाही. ऑटो वायपरच्या गाडीला नुसती काच बदलून भागत नाही, म्हणून हा भाग नीट वाचा.

कागदपत्रं: पॉलिसी, आरसी, लायसन्स (डिजिलॉकरमधलं चालतं), काचेचे आणि नंबर प्लेटसह गाडीचे फोटो, क्लेम फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट. सर्व्हेअरने बघण्याआधी काच काढू देऊ नका.

खासगी गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, कापत नाहीत, रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मा कापतात. शिवाय सक्तीची वजावट आहे, म्हणजे प्रत्येक क्लेममधली तुम्ही स्वतः भरायची रक्कम: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,००० रुपये. पण खरा हिशेब नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षाला ५० टक्के मिळतो आणि एका क्लेमने तो शून्यावर येतो, बोनस राखणारं ॲड-ऑन नसेल तर. तुमचा बोनस वरच्या टप्प्यात असेल तर पुढच्या हप्त्यात किती रुपये वाढतील ते आधी विचारा आणि काचेच्या किमतीशी ताडून बघा. कधी कधी खिशातून भरलेलं परवडतं.

गॅरेजला सांगताना "सेन्सरवाली काच" असं स्पष्ट सांगा आणि एस्टिमेटवर तसं लिहून घ्या. बिनसेन्सरची काच स्वस्त असते, बसतेही, पण तिच्यावर डबी अडकवायची पट्टी नसते. दुसरं, डबी आणि काच यांच्यामध्ये एक पारदर्शक, जेलीसारखा मऊ पॅड असतो. प्रकाश त्याच्यातून जातो. डबी जुन्या काचेवरून उपटली की तो ताणला जातो, त्यावर धूळ बसते. माझ्या गाडीला एका गॅरेजने तोच पॅड परत दाबून बसवला होता. बाहेरून टॉर्च मारली तर पॅडमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा स्पष्ट दिसत होता. त्या दिवसापासून कडक उन्हात वायपर फिरायला लागले, कारण बुडबुड्याजवळ प्रकाशाची वाट मोडते. नवा पॅड टाकला, त्रास गेला. तेव्हा गाडी ताब्यात घेताना टॉर्च मारून बघाच, पॅड काचेसारखा नितळ दिसला पाहिजे.

आरशामागे कॅमेराही असेल, लेन सांभाळणारा किंवा आपोआप ब्रेक लावणारा, तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याची नजर नव्याने जुळवावी लागते. ते एस्टिमेटमध्ये आहे का बघा. नसेल तर नंतर वेगळं बिल येतं.

आणि जुना फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला. ज्या बँकेचा होता तिच्याकडे बदली टॅग मागा, नव्या काचेच्या मापाने डबीपासून लांब लावून घ्या. तोवर टोलनाक्यावर नेहमीपेक्षा जास्त मोजावे लागतील, म्हणून हा अर्ज काच गॅरेजमध्ये असतानाच टाका. बिलावर सही करण्याआधी सहाव्या पायरीची फवाऱ्याची चाचणी गॅरेजच्या दारातच घ्या. घरी आल्यावर दोष दिसला तर पॅड बदलायचे पैसे कुणी भरायचे यावर वाद होतो.